मैफल पडते तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं?

मैफल संपते, लोक बाहेर पडतात, आणि पार्किंगमध्ये स्कूटर शोधता शोधता निकाल लागतो. "आज बुवांचा आवाज लागला नाही." "वय झालं आता, दुसरं काय." मैदानावरचा मोठा शो असला तर "पैसे पाण्यात." दोष कलाकाराच्या खात्यावर जमा होतो आणि विषय मिटतो.

गोव्यात आपण गाणं ऐकण्याच्या बाबतीत स्वतःला जरा वरचढच समजतो, आणि ते अगदीच खोटं नाही. केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, दीनानाथ मंगेशीचे, लयीचे हिशेब बोटांवर नाचवणारे खाप्रुमामा पर्वतकरही इथलेच. त्यामुळे मध्यम तीव्र लागला की शुद्ध, यावर मध्यरात्रीपर्यंत वाद घालायला आपली तयारी असते. पण गळ्यातून निघालेला तो मध्यम आपल्या कानापर्यंत येतो तो माईक, मिक्सर, स्पीकर, छत, भिंती, हवा आणि पुढच्या रांगेतली माणसं यांच्यामधून वाट काढत. यातल्या प्रत्येकाने त्यात काहीतरी ढवळाढवळ केलेली असते. माझं मत विचाराल तर पडलेल्या मैफलींपैकी बऱ्याचशा त्या दिवशी दुपारीच पडलेल्या असतात. साउंड लावायचा, ऐकून बघायचा, बदलायचा ते दोन-तीन तास कुणीतरी खाल्लेले असतात. ते तास एवढे महत्त्वाचे का, हे समजायला आवाजाचं थोडं शास्त्र लागतं. शाळेतलं गणित पुरतं.

हॉल घुमतो म्हणजे काय

स्पीकरमधून आवाज एकदाच निघतो, पण कानावर पुन्हा पुन्हा पडतो. आधी थेट, मग छताला, भिंतींना, फरशीला आपटून. हे परतलेले आवाज इतके लागून लागून येतात की ते वेगळे ऐकू येत नाहीत. मूळ आवाजाला एक शेपूट लागल्यासारखं वाटतं. आवाज थांबल्यावर हे शेपूट ६० डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी मोजायचं माप) खाली यायला जितका वेळ लागतो, त्याला अनुरणन काळ म्हणतात. बोलणं स्पष्ट कळायला तो एक सेकंदाच्या आसपास किंवा कमी हवा. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला दोन सेकंद मानवतात, उलट कमी असले तर ते संगीत कोरडं वाटतं.

याचं सूत्र शोधलं वॉलेस सॅबिन या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकाने. १८९५ साली विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात कुणाचं बोलणं कुणाला कळेना, तेव्हा काम याच्या गळ्यात पडलं. जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, त्या मांडायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि आवाज विरेपर्यंत वेळ मोजायचा, हा त्याचा उद्योग. निष्कर्ष एका ओळीत बसतो: जागेचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले आवाज शोषणारं एकूण क्षेत्रफळ.

आता हे आपल्याकडे लावून बघू. समजा एखाद्या देवळाचा मोठा सभामंडप आहे, घनफळ ३,००० घनमीटर. खाली संगमरवर, भिंती गिलाव्याच्या, वर उंच छत. आवाज शोषणारं असं काही नाहीच, म्हणून शोषण धरू १०० चौरस मीटर. उत्तर येतं ४.८ सेकंद. आता तिथे ३०० माणसं येऊन बसली. एक माणूस कपड्यांसकट साधारण अर्ध्या चौरस मीटरच्या जरा आत शोषतो, ०.४५ धरा. म्हणजे १३५ ची भर. एकूण २३५, आणि काळ उतरून आला २.१ सेकंदांवर. त्याच मंडपात, त्याच स्पीकरवर, दुपारी चारला एक आवाज आणि संध्याकाळी सातला निराळाच. चार वाजता ऐकून सातचा अंदाज बांधणं हे साउंडवाल्याचं खरं कसब. श्रोते म्हणजे नुसते कान नव्हेत, ते हॉलमधलं सगळ्यात मोठं शोषक सामान आहे. कार्यक्रमाला माणसं कमी आली की गाणं रंगत नाही म्हणतात, त्यामागे कलाकाराचा विरस असतो आणि हा हिशेबही असतो.

दोन सेकंद हे आलापीला छान. लावलेला स्वर मागे रेंगाळतो, पुढचा त्याच्यावर येऊन बसतो, तानपुरा भरून येतो. पण द्रुत लयीत सेकंदाला आठ स्वरांची तान आली की ओली शाई सुकायच्या आत त्याच ओळीवर पुढची ओळ लिहिल्यासारखं होतं. गायकाने एकेक दाणा सुटा टाकलेला असतो, आपल्याला ऐकू येतो तो गिलावा. जुन्या गोव्यातल्या चर्चमध्ये कोरस ऐकताना अंगावर काटा येतो आणि तिथेच एकल तबला ठेवला तर कायदा कुठे संपला नि रेला कुठे सुरू झाला (दोन्ही तबल्यावरच्या रचना) कळत नाही, याचं कारण हेच. जागा वाईट नसते, त्या जागेला ते संगीत चालत नसतं. कार्यक्रम ठरवताना हा विचार कमिटीत कुणी मांडला तर बाकीचे त्याच्याकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

मोठ्या नावांचीही इथे फजिती झाली आहे. न्यूयॉर्कचं फिलहार्मोनिक हॉल १९६२ साली उघडलं. ध्वनिशास्त्राची बाजू लिओ बेरानेक यांच्याकडे, त्या काळचं सर्वांत मोठं नाव. मूळ आराखड्यात सुमारे २,४०० खुर्च्या होत्या. जास्त लोक बसायला हवेत असा दबाव आला, आकडा २,६०० च्या वर गेला, त्यापायी हॉलचा आकार बदलला, आणि उद्घाटनापासून वादकांची तक्रार सुरू झाली की स्टेजवर आम्हाला एकमेकांचं ऐकू येत नाही. १९७६ मध्ये आतलं सगळं उपटून पुन्हा बांधलं. २०२२ मध्ये पुन्हा एकदा. आपल्याकडे वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी उभारलेल्या पणजीच्या कला अकादमीच्या नूतनीकरणानंतर रंगकर्मींनी आणि गायकांनी ध्वनियोजनेबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली, तेव्हा "एवढे कोटी खर्च करून आवाज कसा बिघडतो" असं लोक विचारत होते. बिघडू शकतो. खुर्चीचं कापड, गालिचा, भिंतीवरचं लाकूड, छताची तिरपाई, यांतलं काहीही बदललं की वरच्या भागाकारातला खालचा आकडा बदलतो. रंग आणि दिवे फोटोत दिसतात, हा आकडा दिसत नाही.

माईक शिट्टी का मारतो

आपल्या जत्रा आणि भजनी सप्ताह या शिट्टीशिवाय पुरे होत नाहीत. माईकमध्ये गेलेला आवाज मोठा होऊन स्पीकरमधून येतो. त्यातला थोडा पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो. परत येणारा आवाज मूळच्यापेक्षा कमी आहे तोवर काही बिघडत नाही. बरोबरीला आला की कुठलीतरी एक पट्टी पकडून कुई सुरू होते. म्हणजे प्रत्येक जागेला आवाज वाढवायची एक कमाल मर्यादा असते, आणि ती मिक्सरच्या किमतीवर ठरत नाही. तोंड माईकपासून किती लांब, माईक स्पीकरपासून किती लांब, आणि एकूण किती माईक उघडे आहेत, यांवर ती ठरते. तोंडाचं अंतर निम्मं केलं तर सहा डेसिबलची सवड मिळते. उघडे माईक दुप्पट केले तर तीन डेसिबल हातचे जातात.

हे आकडे मी एका देवळातल्या मैफलीत प्रत्यक्ष घडताना पाहिले. अभंगांचा कार्यक्रम. गायकाला एक माईक, पेटीला एक, तबल्याला दोन, पखवाजाला दोन, टाळाला एक, मागच्या साथीला दोन, आणि बाजूच्या स्टँडवर निवेदकाचा एक. तो बोलून खाली उतरला होता, माईक चालूच. एकूण दहा. गायकांनी मॉनिटर, म्हणजे स्वतःला ऐकू यावं म्हणून पुढ्यात ठेवलेला स्पीकर, वाढवायची खूण केली. मग पेटीवाल्यांना पेटी ऐकू येईना. मग तबलजींनी वर बोट केलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज वाढवा!" साउंडवाला पोरगा घामाघूम. "बाब, आनी वाडयल्यार शिट्टी मारतलो," तो कमिटीच्या माणसाला सांगत होता, आणि कमिटीचा माणूस त्याला वाढवायलाच सांगत होता. शेवटी पखवाजवाले काका उठले. निवेदकाचा माईक त्यांनी बटण दाबून बंद केला, मागच्या साथीचे दोन बंद करायला लावले, टाळाचा बंद, स्वतःच्या दोनांतला एक बंद. टाळाला माईक कशाला लागतो, हा प्रश्न त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा विचारला. मग गायकांच्या पुढ्यातला माईक वीतभर लांब होता तो अर्ध्या वितीवर आणून ठेवला. दहाचे पाच माईक झाले, तिथे तीन डेसिबल. अंतर निम्मं झालं, तिथे सहा. नऊ डेसिबलची मोकळीक मिळाली, आणि दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. पुढचा अभंग शब्दन्‌शब्द शेवटच्या खांबापर्यंत पोचला. नवीन सामान एक रुपयाचं आलं नव्हतं.

स्टेजवरचे मॉनिटर हे यातलं दुसरं दुखणं. कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्या पायाशी तिरपे ठेवलेले ते काळे स्पीकर. त्यांच्याशिवाय काय होतं ते बीटल्सनी १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये अनुभवलं: समोर ५५ हजारांवर किंचाळणारे प्रेक्षक, स्टेजवर मॉनिटर नाहीत, आपण काय वाजवतो ते वाजवणाऱ्यांनाच ऐकू येत नव्हतं. वर्षभरानंतर त्यांनी दौरे कायमचे थांबवले, त्यामागच्या कारणांत हेही होतं. मात्र मॉनिटर फार वाढवले तर उलटं होतं. खर्जातला आवाज स्पीकरच्या मागच्या बाजूनेही पसरतो, म्हणून पहिल्या रांगांना मॉनिटरच्या पाठीमागून गढूळ घुमारा ऐकू येतो आणि तो समोरच्या स्पीकरमधल्या शब्दांवर बसतो. स्टेजवरचा प्रत्येक जण "मला थोडं वाढवा" म्हणतो, तेव्हा तो आपल्यापुरता बरोबर असतो. सगळ्यांचं ऐकलं की मैफल गेली.

तबला चढतो, तार उतरते

गोव्याच्या हवेचा विषय निघाला की वादक लोक गप्प बसत नाहीत, आणि त्यांना कारण आहे. तबल्याची पुडी कातड्याची. कातडं ओल पितं, सैल होतं, स्वर उतरतो. कोरडं पडलं की ताणतं, स्वर चढतो. तार धातूची. तिला ओलीशी फारसं देणंघेणं नाही, पण दिव्यांच्या उष्णतेने ती प्रसरण पावते, ताण कमी होतो आणि स्वर उतरतो. एसीच्या झोतात उलट. बासरीचं आणखी वेगळं: हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो, त्यामुळे बासरी चढते, एका अंशाला साधारण तीन सेंट. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा, पेटीच्या दोन लागोपाठच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा, शंभरावा भाग. दहा अंशांचा फरक पडला तर तीस सेंट. कान असलेला माणूस खुर्चीत अस्वस्थ होतो.

आता मांडवीच्या काठावरचं डिसेंबरमधलं उघडं स्टेज डोळ्यांसमोर आणा. दुपारी ऊन, संध्याकाळी डोक्यावर दिव्यांची भट्टी, आणि आठनंतर नदीवरून येणारं दंव. तबला जुळवला ग्रीनरूममध्ये. स्टेजवर आणला तर दिव्यांखाली पुडी सुकून स्वर चढलेला, सतार मात्र त्याच दिव्यांखाली उतरलेली. तबलजी हातोडीने गट्टे खाली-वर करत बसतो, लोक घड्याळ बघतात. तासाभराने दंव पडतं, कातडं पुन्हा ढिलं. पखवाजाच्या डाव्या पुडीवर लावलेली कणीकसुद्धा रंग बदलते, सुकली की पुन्हा पाणी लावावं लागतं. पेटी या सगळ्यांत जवळजवळ जागची हलत नाही, आणि यंत्रातला तानपुरा तर मुळीच नाही, त्यामुळे बाकीचे किती सरकले ते जास्तच टोचतं.

बंदिस्त हॉलमध्ये हा त्रास नसावा, पण असतो, कारण वीजबिलापायी एसी प्रेक्षक आत आल्यावरच सुरू होतो. वाद्यं दमट हवेत जुळवली जातात आणि पहिल्या वीस मिनिटांत हवा बदलत जाते. स्टेजवरचा एसी आणि दिवे वाद्यं जुळवायच्या तासभर आधी चालू ठेवले तर अर्धं काम होतं. किशोरीताई आमोणकर तानपुरे मनासारखे जुळेपर्यंत तोंड उघडत नसत, त्यावरून लोक कुरकुरत. हवेचा हा खेळ ज्याला ठाऊक आहे तो कुरकुरणार नाही.

मैदानातला हिशेब

उघड्यावर भिंती नाहीत, म्हणजे घुमणं नाही. पण अंतर येतं. एका ठिकाणाहून निघालेला आवाज दुप्पट अंतरावर सहा डेसिबलने घटतो. पहिली माणसं स्पीकरपासून पाच मीटरवर आणि शेवटची चाळीसवर असतील, तर मध्ये तीन वेळा दुप्पट झालं, अठरा डेसिबल गेले. मागच्यांना नीट ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की पुढच्यांच्या कानाचे पडदे थरथरतात. स्पीकर जमिनीवरच रचलेले असले तर आणखी गोची: आवाजातलं तेज, म्हणजे शब्दांतले स, श, त, ट, पुढच्या चार रांगांतल्या अंगांनी पिऊन टाकलेलं असतं. मागे पोचतो तो नुसता धुम्-धुम्.

म्हणून मोठ्या शोला स्पीकरच्या त्या केळफुलासारख्या वाकलेल्या लांब माळा उंच टांगलेल्या दिसतात. १९९२ मध्ये फ्रेंच कंपनी एल-अकुस्टिक्सने त्याची आजची पद्धत आणली. एकावर एक जोडलेले अनेक स्पीकर मिळून एकाच उभ्या पट्टीसारखे वागतात, आवाज वर आकाशात आणि खाली जमिनीत न सांडता समोर जातो, आणि काही अंतरापर्यंत दुप्पट अंतराला सहाऐवजी तीनच डेसिबल घटतो. मात्र प्रत्येक स्पीकरचा कोन त्या मैदानाच्या मापाने बसवावा लागतो. काल दुसरीकडे लावलेली माळ तशीच आणून टांगली तर लाखोंचं सामान असून निम्मं मैदान कोरडं राहतं.

आणखी मागे बसणाऱ्यांसाठी मध्ये खांबांवर वेगळे स्पीकर लावतात. इथे चूक झाली की ती भयंकर ऐकू येते. आपल्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो, वीज मात्र तारेतून लगेच पोचते. साठ मीटरवरच्या खांबावरचा स्पीकर आवाज ताबडतोब सोडतो आणि स्टेजवरचा आवाज तिथे ०.१७ सेकंद उशिरा येतो. कान तीस-चाळीस मिलिसेकंदांपर्यंतचा फरक एकत्र करून घेतो, पन्नासच्या पुढे दोन वेगळे आवाज ऐकू येतात, इथे तर एकशे सत्तर. प्रत्येक शब्द दोनदा. उपाय फुकट आहे: त्या खांबाच्या स्पीकरला मिक्सरमधून तेवढाच उशीर द्यायचा. पण त्यासाठी कुणीतरी फीत किंवा मोबाइल घेऊन अंतर मोजायला हवं, म्हणजे पुन्हा तीच दुपार. मोठ्या पडद्यावर ओठ आणि शब्द जुळत नाहीत, मागचे प्रेक्षक टाळी चुकवतात, तेही याच वेगाचं देणं.

मग वारा. आवाज वाऱ्याच्या दिशेने जाताना खाली वाकतो, वाऱ्याविरुद्ध जाताना वर उचलला जातो आणि मागच्या लोकांच्या डोक्यावरून निघून जातो. शिवाय सूर्य मावळल्यावर जमीन आधी थंड होते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, आणि वर निघालेला आवाज वाकून खाली लांबच्या गावात उतरतो. त्यातही खर्ज जास्त, कारण तीव्र आवाज हवेत आणि घराच्या भिंतीत विरतात, खर्ज विरत नाही. कांदोळीपासून वागातोरपर्यंत आणि पुढे २०२४ मध्ये सनबर्न हा संगीत महोत्सव धारगळला गेला तेव्हा पेडण्यापर्यंत, किनारपट्टीच्या गावांनी जी तक्रार केली तिच्या मुळाशी हे आहे. मीटर मर्यादेत दाखवतो आणि खिडकी हलते, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं: आवाज ज्या 'ए' मापाने मोजतात त्यात ६३ हर्ट्झच्या खर्जाचे तब्बल २६ डेसिबल वजा धरले जातात, कारण कान तिथे मंद असतो. गावाला झोप नाही आणि मैदानात शब्द नाहीत, दोघांचं दुखणं एकच, आवाज नको तिथे जातोय. काही खर्जाचे स्पीकर मागे तोंड करून, नेमका उशीर देऊन लावले तर पाठीमागचा आवाज बराच कापता येतो. तंत्र जुनं आहे. भाड्याच्या यादीत दोन स्पीकर वाढतात म्हणून ते वगळलं जातं.

आणि एक गोष्ट साउंडवाल्याच्या कानाची. तासभर मोठ्या आवाजात बसलं की कान तात्पुरता बधिर होतो. त्याला वाटतं आवाज पडला, तो वाढवतो. शो जसा पुढे सरकतो तसा आवाज चढत जातो तो यामुळेही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली, आणि ती सतत दिसेल असा मीटर मिक्सरपाशी ठेवायलाही सांगितलं. आपल्याकडे मिक्सरपाशी सहसा थंड पेयाच्या बाटल्या असतात.

दुपार कोण खातं

हॉल सकाळी शाळेच्या स्नेहसंमेलनाला दिलेला असतो, तो तीनला रिकामा होतो. साउंडचा टेम्पो जुवारीच्या बाजूला अडकलेला. कलाकाराचं विमान मोपाला उतरणार आणि कार्यक्रम मडगावला, म्हणजे अख्खा गोवा उत्तरेकडून दक्षिणेला ओलांडून यायचं. ते साडेपाचला पोचतात, चहा घेतात, स्टेजवर येतात तेव्हा दार उघडायची वेळ झालेली. "हॅलो, हॅलो, माईक चेक" एवढ्यावर भागवतात. हे झालं तारा नीट जोडल्या आहेत का ते बघणं. साउंड लावणं म्हणजे गायकाने विलंबितात पाच मिनिटं गाणं, मग द्रुतात गाणं, तबलजीने पूर्ण ताकदीने वाजवणं, आणि कुणीतरी शेवटच्या रांगेत, बाल्कनीखाली, कोपऱ्यात जाऊन ऐकणं.

त्यानंतर दीपप्रज्वलन. मग प्रमुख पाहुणे यायचे आहेत म्हणून पंचवीस मिनिटं. मग सत्कार, शाल-श्रीफळ, ज्यांचा सत्कार त्यांचं मनोगत, ज्यांच्या हस्ते त्यांचं भाषण. उघड्यावर कार्यक्रम असला तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाला लाउडस्पीकर बंद. सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षात पंधरा दिवसांपर्यंत बारापर्यंत सूट देऊ शकतं, तो दिवस आपला असेलच असं नाही. साडेसहाची मैफल सव्वाआठला सुरू झाली की हातात पावणेदोन तास उरतात, त्यातही दोन कलाकार. बडा ख्याल उलगडायला पाऊण तास मागतो. गायक तो वीस मिनिटांत गुंडाळतो, छोटा ख्याल, एक नाट्यगीत, भैरवी. पार्किंगमध्ये आपण म्हणतो, "आज त्यांना मूड नव्हता."

कलाकाराची चूक कधीच नसते असं मला म्हणायचं नाही. घसा बसलेला असतो, तयारी नसते, साथीदारांची ओळख स्टेजवरच होते, काही जण मागे रेकॉर्ड लावून ओठ हलवतात. आपल्या अपेक्षाही गडबड करतात: ज्या गाण्याची रेकॉर्ड दहा वेळा गाऊन, उत्तम तुकडे जोडून बनवली आणि आपण ती इअरफोनमधून कानाच्या आत ऐकली, तेच गाणं तीस मीटरवरून एका दमात तसंच ऐकू यावं असं आपल्याला वाटतं.

तिकीट काढताना श्रोत्याच्या हातात थोडं असतं. मिक्सर ठेवलेला असतो त्याच्या जवळची जागा बघा. साउंडवाला जे ऐकून ठरवतो तेच तुम्हाला ऐकू येईल. बाल्कनीच्या खाली खोल बसू नका, तिथे वरचा आवाज पोचत नाही आणि खर्ज साठतो. भिंतीला टेकून बसलात तरी खर्ज फुगतो. मधल्या रांगा, मध्यापासून जरा बाजूला. आणि शब्द कळत नसतील तर "आवाज वाढवा" असं ओरडू नका. वाढवल्याने घुमणंही तेवढंच वाढतं. मध्यंतरात साउंडवाल्याकडे जाऊन "तबल्याचा डग्गा शब्दांवर येतोय" किंवा "मागे शब्द दोनदा ऐकू येतोय" असं सांगितलं तर तो दहा सेकंदांत ते दुरुस्त करू शकतो. बहुतेकदा त्यालाही ते कळलेलं असतं, फक्त कमिटीतला कुणीतरी त्याच्या खांद्यावर उभा राहून वेगळंच सांगत असतो.